अश्मयुगाच्या पानात केळे

भाकरी वर्ज्य, वरण वर्ज्य, दूध वर्ज्य. केळे मात्र चालेल, पण बेताने. माझ्या भाचीने पॅलिओ आहार सुरू केला, तेव्हा या यादीने माझे कुतूहल चाळवले. ज्या अश्मयुगीन माणसाचा दाखला देऊन हा आहार सांगितला जातो, त्याने आपले केळे पाहिले तरी होते का?

वॉल्टर व्होगटलिन यांचे या आहारावरचे पुस्तक १९७५ साली निघाले. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याची वैद्यकीय मांडणी केली आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. म्हणणे असे की, आपले शरीर लाखो वर्षांच्या शिकारीवर आणि कंदमुळांवर घडले. शेती आली ती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. म्हणून धान्य, कडधान्य, दूध नको. फळे रानात वेचता येत होती, म्हणून ती चालतात.

केळ्याची अडचण इथेच सुरू होते. रानटी केळ्यात गर थोडा आणि मिरीएवढ्या कठीण काळ्या बिया भरपूर. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात दिसणारी रानकेळ ही आपल्या केळीची चुलत बहीण. तिचे फळ फोडले तरी तोच अनुभव येतो. बिनबियांचे, गराने भरलेले केळे माणसाने निवडून, जपून, देशोदेशी नेऊन घडवले. पापुआ न्यू गिनीतल्या कुक या दलदलीच्या जागी केळीच्या लागवडीचे पुरावे सापडले आहेत. ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे अश्मयुगातला पॅलिओ म्हणवणारा कालखंड संपून तोवर काही हजार वर्षे लोटली होती. जळगावची बसराई घ्या की ग्रँड नैन, बी नसल्यामुळे तिचा वंश मुनव्यांवर किंवा प्रयोगशाळेतल्या रोपांवर चालतो. माणसाने हात काढून घेतला, तर हे पीक टिकणार नाही. शेतीचे याहून अस्सल अपत्य शोधूनही मिळणे कठीण.

आता वर्ज्य ठरलेल्या धान्याकडे पाहू. गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथे रानटी जव आणि गहू मिळाले, शिवाय धान्य दळल्याच्या खुणा असलेला दगडही. जॉर्डनमधल्या शुबैका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले. त्या प्रदेशात शेती सुरू व्हायला तेव्हा आणखी काही हजार वर्षे होती. इतिहासाचाच न्याय लावायचा, तर ताटातून केळे उचलावे लागेल आणि भाकरी परत वाढावी लागेल!

मग 'केळे बेताने' या सल्ल्यात काहीच तथ्य नाही का? आहे, पण ते अश्मयुगातून आलेले नाही. कच्च्या केळ्यात मुख्यतः स्टार्च असतो आणि त्याचा बराचसा भाग लहान आतड्यात पचत नाही. फळ पिकते तसा त्याच स्टार्चचा साखरेत पालट होतो. शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यात सुमारे १२ ग्रॅम साखर असते. त्याचबरोबर पोटॅशियम आणि थोडा चोथाही असतो. ज्याला मधुमेह आहे त्याने कच्च्या केळ्याची भाजी आणि ठिपके पडलेले पिकले केळे यांत फरक करावा. दिवसभर शेतात राबणाऱ्याने मात्र दोन केळी खुशाल खावीत. हा निर्णय आजच्या शरीराकडे आणि आजच्या कामाकडे पाहून करायचा असतो.

त्या काळचा माणूसही एका यादीने जेवत नव्हता. समुद्रकाठी शिंपले, गवताळ प्रदेशात दाणे, जंगलात कंद: जिथे जे मिळेल ते तो खाई. रानकेळ उगवत असलेल्या मुलखात बिया थुंकत त्याने तीही खाल्ली असेल.

भाचीला मी एवढेच म्हटले, "केळे खा, पण पूर्वजांच्या नावावर नको. आणि ते खाताना भाकरीला परकी ठरवू नकोस."