जायकवाडी धरणाची अर्ध्या दिवसाची सहल : पूर्वतयारी, निरीक्षण आणि पाठ

प्राथमिक शाळांच्या सहलींत धरणाची सहल विशेष आवडीची असते. मुले गाडीत बसतात, गाणी म्हणतात, भिंत पाहतात, झाडाखाली बसून डबे खातात आणि आनंदाने घरी परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘धरणावर काय पाहिले?’ असे विचारले असता ‘पुष्कळ पाणी पाहिले’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्यासाठी शंभर किलोमीटरचा प्रवास करण्याची गरज नव्हती.

धरण हे केवळ पाहण्याचे स्थळ नव्हे, ते समजून घेण्याचे स्थळ आहे. हे पाणी आले कोठून, ते जाते कोठे, आणि ते साठावे म्हणून कोणी काय सोडले, हे तीन प्रश्न मुलांनी शाळेतून निघतानाच बरोबर घेतले, तर अर्ध्या दिवसात भूगोल, विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र या चारही विषयांचा पाठ एका ठिकाणी घेता येतो. पैठणजवळील जायकवाडी धरणाचे उदाहरण घेऊन अशा सहलीची आखणी येथे दिली आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर असल्याने सकाळी लवकर निघून दुपारी परत येणे त्या परिसरातील शाळांना सहज शक्य आहे.

पूर्वतयारी

सहलीसाठी पाचवी ते सातवीचे विद्यार्थी निवडावेत. पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांमार्फत वरिष्ठांची मंजुरी आणि जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयाची परवानगी या तीन गोष्टी निघण्याच्या पुरेशा आधी हाती असाव्यात. धरणाच्या सर्व भागांत प्रवेश मिळत नाही. म्हणून काय पाहता येईल हे आधीच विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास माहिती सांगण्यासाठी एखादा कर्मचारी देण्याची विनंती करावी. तसा मार्गदर्शक न मिळाल्यास ते काम शिक्षकालाच करावयाचे असते. त्यासाठी एका शिक्षकाने आधी स्वतः जाऊन जागा पाहून येणे इष्ट होय.

सहलीपूर्वीच्या आठवड्यात शाळेच्या अंगणात दोन प्रयोग करून घ्यावेत. पहिला प्रयोग पाण्याच्या दाबाचा. एका उंच डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी सारख्या आकाराची तीन छिद्रे पाडावीत, डबा उंच स्टुलावर ठेवावा आणि पाण्याने भरावा. सर्वांत खालच्या छिद्रातून येणारी धार सर्वांत जोराची असते. खोलीबरोबर दाब वाढतो, म्हणून धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायाशी रुंद का असते, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग बांधाचा. उतारावर एक छोटा बांध नुसत्या वाळूचा आणि दुसरा आत चिकणमातीचा गाभा ठेवून बाहेरून मुरुमाचा करावा. वाळूच्या बांधातून पाणी झिरपून जाते. दुसरा बांध पाणी धरतो. नंतर त्या दुसऱ्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू द्यावे. काही क्षणांतच माती खचते आणि बांध फुटतो. मातीच्या धरणावरून पाणी कधीही जाऊ देता येत नाही, त्यासाठी दगडी सांडवा आणि दरवाजे लागतात, ही गोष्ट मुले आपल्या डोळ्यांनी पाहतात.

गाडीतील वेळ

जाताना लागणारा सव्वा-दीड तास हा पाठाचाच भाग समजावा. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर मुलांची गणती करावी. आठ-दहा मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमावा. खिडकीकडील मुलांनी शेतातील पिके टिपावीत. कालव्याच्या लाभातील शिवारात ऊस व फळबागा आणि कोरडवाहू शिवारात बाजरी, तूर, कापूस असा फरक दिसू लागला की तो का, हा प्रश्न विचारून सोडून द्यावा. उत्तर धरणावर मिळेल.

याच वेळी नावाची हकीकत सांगावी. धरण पैठणला असून त्याचे नाव जायकवाडी कसे? हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना प्रथम निघाली, तेव्हा बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळची जागा योजिली होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर नव्याने आराखडे झाले आणि जागा नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे शंभर किलोमीटरवर, पैठणजवळ ठरली. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले. जागा बदलण्याचे कारण मुलांना सहज समजण्यासारखे आहे. पाणी उताराने वाहते. ते जितक्या उंचावर अडवावे, तितकी अधिक जमीन कालव्याच्या पाण्याखाली आणता येते. परंतु त्याच निर्णयामुळे तेव्हाच्या अहमदनगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील सुपीक जमीन व गावे बुडणार होती, आणि तेथील लोकांनी विरोध केला होता. एकाच निर्णयाच्या या दोन बाजू मुलांनी धरण पाहण्यापूर्वी ऐकलेल्या असाव्यात.

धरणापाशी

प्रथम मुलांना शांत उभे करून भिंत नुसती पाहू द्यावी. मग आकडे सांगावेत. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण मुख्यतः मातीचे आहे. लांबी सुमारे १० किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या मुलाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास दोन-अडीच तास लागतील. सर्वाधिक उंची सुमारे ४१ मीटर, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी. सांडव्याला २७ दरवाजे आहेत. ते मुलांनी स्वतः मोजावेत, आधी सांगू नयेत. पाण्याच्या बाजूने भिंतीला दगडांचे अस्तर दिसते. लाटांनी माती धुपू नये म्हणून ते केलेले असते. अंगणातील बांधाला असे अस्तर केले नव्हते, याची आठवण मुलांपैकीच कोणी तरी देईल.

आता पहिला प्रश्न : पाणी आले कोठून? गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. दारणा, कादवा, प्रवरा या नद्यांचे पाणी पैठणच्या आधीच तिला मिळते. जायकवाडीचे पाणलोट क्षेत्र सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे. म्हणून पैठणला आभाळ कोरडे असतानाही नाशिककडील घाटमाथ्यावरील पावसाने येथील पातळी चढते. मात्र वाटेत गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही धरणेही आहेत. वरच्या धरणांनी किती पाणी राखावे आणि खाली किती सोडावे, हा तंटा टंचाईच्या वर्षी नेहमी उभा राहतो. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे असे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात घातले आहे. वरच्या शेतकऱ्याचीही गरज खरी आणि खालच्याचीही खरी, एवढे मुलांना उमगले तरी पुरे. शिक्षकाने येथे कोणत्याही एका बाजूचे वकीलपत्र घेऊ नये.

दुसरा प्रश्न : पाणी जाते कोठे? धरणाच्या दोन्ही अंगांनी कालवे निघतात. डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांब असून तो छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी जिल्ह्यांकडे जातो. उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटरचा असून तो बीड जिल्ह्यातून माजलगाव धरणापर्यंत पोहोचतो. छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांना पिण्याचे पाणी आणि परिसरातील कारखान्यांना लागणारे पाणी येथूनच मिळते. १२ मेगावॅट क्षमतेचे एक वीजकेंद्रही येथे आहे. त्यातील यंत्र उलट चालवून खाली गेलेले पाणी पुन्हा वर चढविता येते, ही गोष्ट मुलांना विशेष नवलाची वाटते.

येथेच गणिताची उदाहरणे द्यावीत. जलाशयाची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यातील वापरता येण्याजोगा, म्हणजे जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. उरलेला मृत साठा किती? ७३८. वर्तमानपत्रांत ‘जायकवाडीत शून्य टक्के पाणी’ अशी बातमी येते, तेव्हा जलाशय कोरडा पडलेला नसून जिवंत साठा संपलेला असतो, हे या वजाबाकीतून स्पष्ट होते. ‘क्युसेक’ म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. चौदा लिटरांच्या दोन घागरी. ‘टीएमसी’ म्हणजे शंभर कोटी घनफूट. दरवाजांतून एक लाख क्युसेक पाणी सोडले तर एक टीएमसी पाणी जाण्यास किती वेळ लागेल? दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे अधिक.

आणखी एक उदाहरण. पूर्ण भरलेल्या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर धरावे. एकूण साठवणीला या क्षेत्राने भागले की सरासरी खोली सव्वाआठ मीटरच येते. एवढा विस्तीर्ण आणि तुलनेने उथळ जलाशय उन्हाने तापतो. त्यावरून नुसता एक सेंटीमीटर जाडीचा थर वाफ होऊन गेला, तरी ३५० कोटी लिटर पाणी उडून जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी का सांभाळावे लागते, हे सांगण्यास दुसऱ्या उपदेशाची गरज राहत नाही.

हिवाळ्यात गेल्यास पक्षी दाखविण्यास विसरू नये. हा जलाशय १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. रोहित, पट्टकादंब यांसारखे दुरून येणारे पाहुणे उथळ काठावर दिसतात.

तिसरा प्रश्न

पाण्याच्या काठी मुलांना वर्तुळात बसवून तिसरा प्रश्न विचारावा : या पाण्याखाली काय आहे? शंभराहून अधिक गावांना या धरणाची झळ लागली. घरे, विहिरी, देवळे, शाळा, स्मशाने आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी जमीन पाण्याखाली गेली. पाणी फार ओसरते त्या वर्षी जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात. प्रकल्पामुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा त्या काळचा कायदा १९७६ सालचा होता, म्हणजे ज्या वर्षी धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षीचा. गावे तर त्याआधीच उठू लागली होती. ही दोन सालांची जुळणी मुलांनी आपल्या वहीत लिहून घ्यावी.

या परिसरातील अनेक वर्गांत धरणग्रस्त कुटुंबांची नातवंडे आणि कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांची नातवंडे एकाच बाकावर बसतात. ‘आमचे जुने गाव ह्यात आहे’ असे एखादा मुलगा किंवा मुलगी येथे सहज बोलून जाईल. अशा वेळी शिक्षकाने घाईने विषय बदलू नये. त्या मुलाला बोलू द्यावे, इतरांनी ऐकावे. आजी-आजोबांनी सांगितलेले गावाचे नाव, देवाचे नाव, विहिरीची जागा जे आठवेल ते त्याने सांगावे. कोणालाही बोलण्याचा आग्रह मात्र करू नये. आपल्या घरातील नळाला आणि शेजाऱ्याच्या उसाला येणारे पाणी कोणाच्या तरी अंगणावर साठलेले आहे, ही जाणीव पुस्तकातून येणे कठीण. येथे ती आपोआप येते.

संत एकनाथांच्या नावावरून या जलाशयाला नाथसागर म्हणतात. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा मुलांना ठाऊक असते. पाणी कोणाचे, हा प्रश्न या गावाला नवा नाही, एवढे सांगून बैठक संपवावी.

सुरक्षितता

पाण्याच्या काठी, सांडव्याखाली व कालव्याच्या कडेला कोणत्याही मुलाला एकटे जाऊ देऊ नये. कालव्याचे पाणी संथ दिसले तरी त्याला ओढ असते आणि अस्तर केलेल्या गुळगुळीत बाजूवरून वर चढणे अवघड असते. पाणी सोडण्यापूर्वीचा भोंगा वाजताच सर्वांनी पात्रापासून दूर व्हावे. पुराच्या दिवसांत सहल काढूच नये. ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग करावा लागला तेव्हा पैठण गावात पाणी शिरले होते. पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी गाडीत असावी.

परतल्यावर

सहलीचा खरा लाभ पुढील आठवड्यात पदरात पडतो. एका गटाने त्र्यंबकेश्वरपासून परभणीपर्यंतचा पाण्याचा मार्ग नकाशावर काढावा. दुसऱ्या गटाने धरणाचा उभा छेद काढून गाभा, मुरूम, अस्तर व सांडवा दाखवावा. तिसऱ्या गटाने गावातील एखाद्या वृद्धाकडून धरणापूर्वीच्या दिवसांची माहिती विचारून ती त्यांच्याच शब्दांत लिहून आणावी. वर्षभर दर सोमवारी जायकवाडीचा जिवंत साठा किती टक्के आहे हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे आणि शेवटी त्याचा आलेख काढावा.

हे सर्व कागद शाळेच्या सहलवहीत चिकटवून ठेवावेत. मार्गावरील थांबे, लागलेला वेळ, झालेला खर्च आणि मुलांनी विचारलेले परंतु उत्तर न मिळालेले प्रश्न यांचीही तीत नोंद करावी. पुढील वर्षी दुसरे शिक्षक दुसऱ्या मुलांना घेऊन जातील, तेव्हा त्यांना त्या अनुत्तरित प्रश्नांपासून प्रारंभ करता येईल.