जुन्या रंगाखाली काय दडले आहे?

दसरा झाला की घरोघरी रंगाच्या गोष्टी सुरू होतात. "जुना रंग आधी नीट खरवडून घ्या हं!" असे आपण रंगाऱ्याला बजावतो. गेल्या वर्षी मीही तेच सांगितले. आमचे घर सासऱ्यांच्या वेळचे. सागवानी दारे-खिडक्या, त्यांवर ऑईलपेंटचे पाचसहा थर. रंगारी घासकागद घेऊन बसला आणि घरभर बारीक धूळ उडाली.

माझा दीड वर्षाचा नातू खिडकीशी उभा राहून चौकटीला दात लावी. मी कौतुकाने म्हणे, "दात शिवशिवताहेत हो त्याचे!" सून मात्र गंभीर झाली. "आई, जुन्या रंगात शिसं असतं. काम थांबवू या का? तपासून घेऊ."

खरे सांगते, मला रागच आला. "अगं, याच घरात माझी तीन मुलं वाढली. काय झालं त्यांना?"

रात्री मात्र विचार करत पडले. काय झाले ते मला कळणार तरी कसे? त्यांचे रक्त कुणी तपासलेच नव्हते! शिशाचे विष अंगावर पुरळ उठवत नाही की ताप आणत नाही. मूल हसते, खेळते. आतल्या आत मात्र मेंदूच्या वाढीला खीळ बसते. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. आपण म्हणतो, "द्वाडच आहे मेला!" लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. गर्भारपणी ते आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे रंगात आले कसे?

शिशामुळे रंग चकचकीत दिसे, लवकर वाळे आणि टिके. पिवळा, केशरी, लाल, हिरवा या भडक ऑईलपेंटमध्ये ते विशेष असे. भिंतीच्या चुन्याच्या सफेदीपेक्षा दारे, खिडक्या, गज, कठडे आणि पाळणा यांच्याकडे आधी पाहावे. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग संशयितच समजावा.

तपासायचे कसे?

घरपोच मागवता येणारा छोटा तपासणी-संच मिळतो. कोपऱ्यात सुरीने तिरकी खाच पाडावी, म्हणजे तळापर्यंतचे सगळे थर उघडे पडतात. नुसता वरचा थर पुसून उपयोग नाही. विष बहुधा खाली असते. ओला बोळा त्यावर घासायचा; शिसे असले तर तो गुलाबी-लाल होतो. मात्र लाल रंगावर ही परीक्षा फसते, आणि बोळा पांढरा राहिला तरी पूर्ण खात्री नसते. पक्के उत्तर हवे तर सगळ्या थरांसकटचा पोपडा पिशवीत घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावा.

मुलाच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. रक्त शिरेतून घेतलेले बरे. बोटावर धूळ असली तर आकडा चुकतो.

आमच्या खिडकीवर बोळा लालबुंद झाला. नातवाच्या रक्तात आकडा निघाला ६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ च्या वर आकडा गेला की मुलाकडे लक्ष पुरवतात. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मग काय करावे?

* रंग घट्ट असेल तर खरवडू नका. त्यावर नवा रंग देऊन झाकून टाका. मुलाचे दात पोचतात तिथे मात्र हा उपाय पुरत नाही. तिथला रंग काढावाच लागतो.
* पोपडे निघत असतील तर पाणी मारून, ओलेच खरवडा. दिव्याने जाळून काढू नका.
* खाली प्लॅस्टिक अंथरा. मुलांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा.
* झाडू नको. ओल्या फडक्याने पुसा. फडके पुन्हा पुन्हा धुवा.
* रंगाऱ्यालाही हे सांगा. कपड्यांवरची धूळ तो आपल्या लेकरांकडे नेतो.
* मुलांचे हात जेवणापूर्वी धुवा. मुले उपाशी नकोत. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. दूध, नाचणी, पालेभाजी, लिंबू, आवळा पोटात जाऊ द्या. हे औषध नव्हे, आधार आहे.

रंग निर्दोष निघाला आणि तरी रक्तात शिसे असले, तर इतरत्र शोधावे: कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे, भेसळीची सुटी हळद, आणि देव्हाऱ्यातला शेंदूर. खरा शेंदूर शिशाचाच असतो, तो मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आम्ही सून आणि नातवाला तिच्या माहेरी धाडले, काम ओले करून घेतले. चार महिन्यांनी आकडा ३ वर आला. सून काही बोलली नाही, मीच म्हटले, "तू थांबवलंस म्हणून गं!"

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा रंगाची छटा निवडण्याआधी जुन्या रंगाखाली काय आहे ते बघा. दिवाळी चार दिवस उशिरा उजळली तरी चालेल.