गुंठा आणि आर : घोळ होतो तो टिंबात



लागणीचे दिवस आले की गट ऑफिसात ऊस नोंदीची गर्दी होते. "रान किती?" असे विचारले की आपण "एक एकर पाच गुंठे" सांगून मोकळे होतो. सातबारा मात्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये बोलतो. सन १९५६ च्या वजनमापे कायद्याने देशात दशमान पद्धत आली, पुढे जमिनीचे दप्तरही तिच्यात आले. पण बांधावरची बोली एकर-गुंठ्याचीच राहिली. या दोहोंत गल्लत झाली की तोटा आपल्याच पदरात पडतो. म्हणून हा हिशेब येथे सोपा करून देत आहोत.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागा. असे १०० आर म्हणजे एक हेक्टर. आता ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर जेमतेम ६ सेंटिमीटर. तेव्हा गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच.

मग घोळ कुठे होतो? टिंबात! सातबाऱ्यावर १.२० असेल तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास ३ एकर. तेच १.२० कोणी एकर-गुंठे समजून वाचले तर रान निम्म्यावर येते. तसेच '१ एकर ५ गुंठे' हे घाईत '१.५ एकर' लिहिले तर त्याचा अर्थ दीड एकर, म्हणजे १ एकर २० गुंठे होतो. पंधरा गुंठ्यांचा फरक! एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे रानात नसलेला १५ टन ऊस कागदावर उभा राहिला. गाळपाचा अंदाज आणि तोडणीचा कार्यक्रम याच आकड्यांवर बसतो, हे ध्यानात घ्यावे.

बांधावर बसून करायचा हिशेब असा :

● हेक्टरचे एकर : सगळ्याचे आर करा, शेकडा सव्वा वजा करा, राहिले ते गुंठे. त्यांना ४० ने भागा. उदा. १ हेक्टर २० आर = १२० आर; वजा दीड; राहिले ११८॥ गुंठे, म्हणजे २ एकर ३८॥ गुंठे.

● एकरचे हेक्टर : सगळ्याचे गुंठे करा, शेकडा सव्वा मिळवा, झाले आर. उदा. १ एकर २० गुंठे = ६० गुंठे; अधिक पाऊण; झाले ६०॥। आर, म्हणजे ०.६१ हेक्टर.

● फुटी टेपने मोजल्यास : चौकोनी तुकड्याच्या दोन्ही बाजूंना ३३ ने भागा आणि आलेले आकडे गुणा. १३२ फूट म्हणजे ४, १६५ फूट म्हणजे ५. चार पाचे वीस गुंठे.

● तोंडपाठ ठेवा : १ एकर = ४०.४७ आर. १ हेक्टर = २.४७ एकर, म्हणजे २ एकर १९ गुंठ्यांना थोडे कमी.

खताच्या बाबतीत तर फारच जपावे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी हे सुमारे १०० : ४६ : ४६ पडते. सगळे नत्र युरियातून धरले तर ४५ किलोच्या गोण्या हेक्टरी १२ आणि एकरी ५ लागतात. हेक्टरच्या बारा गोण्या एकरात ओतल्या तर पैसा जातो, ऊस नुसताच माजतो, लोळतो, उशिरा पक्व होतो आणि साखर उतारा घटतो. म्हणून शिफारस वाचताना आधी 'हेक्टरी' की 'एकरी' तेवढे पाहावे.

शेवटी एवढेच. नोंद देताना सातबाऱ्यावरचे सगळे क्षेत्र सांगू नये. पोटखराबा, विहीर आणि दुसऱ्या पिकाचे रान वगळून उभ्या उसाचेच क्षेत्र सांगावे. आकड्यापुढे 'हेक्टर-आर' की 'एकर-गुंठे' ते अक्षरांत लिहून घ्यावे, आणि नोंदीची पावती गट ऑफिस सोडण्याआधी वाचून पाहावी. स्वतःला वाचता येत नसेल तर घरच्या शाळकरी पोराला सोबत न्यावे. आकडा बरोबर असला तर आपलाही हिशेब चुकत नाही आणि कारखान्याचाही.