चौथा मंगळवार

रिसेप्शनवरच्या ताई उठून भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवतात. मंगळवारची आडवी ओळ. बोट उजवीकडे एक घर सरकतं, महिना संपतो, पान उलटतं, आणखी तीन घरं. "पंधरा जुलै. चार आठवडे म्हणजे मंगळवारचा मंगळवारच येतो बघा."

समोरची आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर सावरत विचारते, "त्याआधीचा रविवार नाही का चालणार? आम्हा दोघांनाही ऑफिस असतं."

"आधीचा नाही. नंतरचा कुठलाही सांगा."

आधी नाही, नंतर चालेल. मी इथे बसल्यापासून ताई हेच वेगवेगळ्या सुरांत सांगतायत. सिंहगड रस्त्यावरच्या इमारतीचा पहिला मजला, बाहेर सकाळपासून रिपरिप, दाराशी प्लास्टिकच्या बादलीत ओल्या छत्र्या. शाळा कालच उघडल्यात, शुक्रवारी पालख्या पुण्यात येतायत आणि रस्ते बंद व्हायच्या आत प्रत्येकाला आपलं काम उरकायचंय. माझी भाची सात महिन्यांच्या लेकीला फ्लूचा दुसरा डोस द्यायला आलीय. सोबत तिच्या सासूबाई, आणि पिशवी धरायला मी.

कोपऱ्यातला एक बाप मघापासून चुळबुळ करतोय. मांडीवर वर्षाचं पोर, हातात फाईल. शेवटी उठतो. "मॅडम, आमचा पहिला होऊन अडीच आठवडे झालेत. परवा गावी निघतोय, राजापूरला. भाताची लावणी आहे, परत यायला आषाढ संपेल. आजच देऊन टाका ना दुसरा. दहा दिवसांनी काय बिघडतंय?"

ताई उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नाहीत, आतल्या उघड्या दाराकडे बघतात. डॉक्टरबाईंनी ऐकलेलंच असतं.

"टोचायला काय, दोन सेकंद. पण चार आठवड्यांच्या आतला डोस आम्ही मोजत नाही. म्हणजे तिसऱ्यांदा टोचायचं, आणि पैसेही तिसऱ्यांदा."

बाप गप्प होतो. ही लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही. ज्याला परवडते तो घेतो. सरकारी दवाखान्यातून बाळाच्या बाकीच्या लसी घेणाऱ्या कितीतरी घरांत या लसीचं नावही पोचलेलं नसतं, हे इथल्या गारेगार प्रतीक्षाखोलीत बसून सहज विसरायला होतं.

"कार्डाचा फोटो काढून ठेवा," डॉक्टरबाई आवाज मऊ करतात. "चार आठवडे भरले की तिकडच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कंपनी दुसरी निघाली तरी चालते. नाहीच जमलं तर आल्या आल्या इथे या. पहिला फुकट जात नाही. फक्त तोवर पोरगं अर्ध्याच तयारीवर आहे, एवढं ध्यानात ठेवा. गर्दीत नेऊ नका, कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याच्या हातात देऊ नका."

"विरजण लावल्यावर भांडं हलवू नये, तसंच आहे हे," सासूबाई माझ्या कानाशी म्हणतात. मला ते पटतं. पहिला डोस बाळाच्या शरीराला या विषाणूची नुसती तोंडओळख करून देतो. ती ओळख आत मुरायला, लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार व्हायला काही आठवडे जावे लागतात. त्यानंतर आलेला दुसरा डोस संरक्षण चांगलं वाढवतो. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना म्हणूनच पहिल्या वर्षी दोन डोस, आणि पुढे दरवर्षी एकच.

आमचा नंबर येतो. आत आधीच्या बाई अजून फाईल आवरतायत. त्यांच्या मुलाचा पहिला डोस एप्रिलच्या मध्यात झाला, मग सुट्टी, मग लग्नं, आणि दुसरा राहूनच गेला. "आता परत पहिल्यापासून का हो?" त्या अगदी शाळेत उशिरा आल्यासारख्या विचारतात.

"छे, आज दिला तो दुसरा. संपलं."

बाईंचा चेहरा असा सुटतो की मलाच बरं वाटतं.

लेकीला टेबलावर निजवलंय. नाक वाहतंय, भाची त्याच काळजीत. "सर्दी आहे, चालेल ना? की पुढे ढकलू?" डॉक्टरबाई काखेत थर्मामीटर लावतात, छाती ऐकतात, कानात बघतात. ताप नाही. "एवढ्याशा सर्दीला थांबायचं तर पावसाळ्यात एकाही पोराला लस देता यायची नाही. चांगला ताप असता तर मीच परत पाठवलं असतं."

कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजवर आकडा दिसतोय, ४.६. दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायची. गोठली तर फेकून द्यायची. नर्स खोका काढते, भाचीला मुदतीची तारीख दाखवते, आणि सिरिंज तळहातांत हलकेच फिरवते. खोक्यावर चालू वर्षाचा आकडा आणि दक्षिण गोलार्ध. नकाशात आपण उत्तरेला, पण महाराष्ट्रातला फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा ऑस्ट्रेलियात हिवाळा असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर सप्टेंबरात दक्षिणेसाठी जे विषाणू निवडते, ते पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या फ्रिजमध्ये येतात. मधले महिने लस तयार होण्यात जातात, बरीचशी अजूनही कोंबडीच्या अंड्यांमध्ये.

"यात तीनच आहेत का? माझ्या मैत्रिणीच्या मुलाला चारवाली दिली होती," भाची. तिचं वाचन मोबाइलवर भरपूर चालतं.

"तो चौथा, यामागाता म्हणतात तो, मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही. जो नाही त्याच्यासाठी कशाला टोचायचं?"

"आणि स्वाइन फ्लूचं वेगळं असतं ना?" सासूबाई पुढे सरकतात. त्या पुण्याच्याच. ऑगस्ट २००९ त्यांच्या चांगला लक्षात आहे. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी इथलीच एक शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, जो तो तोंडाला रुमाल बांधून.

"नाही, तोच विषाणू या तिघांत एक आहे. आता तो दरवर्षीचाच झालाय."

मांडीच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरतो. भाची लेकीचे दोन्ही हात धरते आणि स्वतः भिंतीवरच्या जिराफाकडे बघते. अर्धा मिली. किंकाळी दोन क्षण उशिरा फुटते, नर्सने कापूस दाबून सिरिंज टाकूनही दिलेली असते. कार्डावर पहिल्या स्टिकरशेजारी दुसरं स्टिकर चिकटतं.

"संध्याकाळी अंग गरम वाटलं तर घाबरू नका, एखाद-दोन दिवस. पूर्ण फायदा मात्र दोन आठवड्यांनी धरा." डॉक्टरबाई मनाशी हिशोब करतात. "म्हणजे एक जुलै. तसं वेळेत झालं. पण पुढच्या वर्षी मे महिन्यातच या. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे रांग लागते ती तापाची, लसीची नाही."

मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत, "घरातल्यांनी घेतलीय का? आजी, साखर आहे ना तुम्हाला?"

"आहे हो. पण मला परत महिन्याने यायला जमणार नाही, गुडघे आहेत."

"तुम्हाला एकच. साठ-पासष्ट वर्षांत कितीतरी फ्लू अंगावरून गेलेत तुमच्या. पहिली ओळख कधीच झालीय."

सासूबाई भाचीकडे बघतात, भाची पर्स उघडते. नर्स पुन्हा फ्रिजकडे वळते.

"डाव्या दंडाला द्या हं बाई," सासूबाई बाही वर सरकवतात. "उद्या वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापायच्यात मंडळात."