अल्पशा आजाराने

2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या जांब समर्थच्या राममंदिरातील मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. त्यांच्या घराण्याच्या पूजेतील म्हणून गाव त्या मूर्ती जपत आलेले. बातमी कळली तसा मी गावी गेलो. घरोघर सुतक असावे तशी माणसे बसली होती. त्याच वर्षी पुढे पोलिसांनी छडा लावला, मूर्ती सापडल्या, ते सारे वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे. माझ्या मनात राहिले ते धाकट्या भावजयीने त्या दिवशी चहाची कपबशी पुढे ठेवताना विचारलेले एक वाक्य.

"आपल्या घरचे देव गेले तेव्हा आपण कुणाला सांगितलं होतं, दादा?"

कुणालाच नाही. आमच्या देवघरातले खंडोबाचे आणि भवानीचे चांदीचे टाक 1994 साली नाहीसे झाले. आईने त्या जागी दोन सुपाऱ्या मांडल्या आणि शेजारणीला सांगितले, उजळायला सोनाराकडे दिलेत. टाक नेले होते माझ्या धाकट्या भावाने. दारूसाठी.

त्याच्याविषयी लिहायचे तर आधी त्याच्या हातांविषयी लिहायला हवे. मोसंबीची कलमे बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. जंबेरीच्या रोपाची साल चाकूच्या टोकाने अलगद उकलायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. एवढेच काम, पण तो ते करू लागला की मी सुट्टीत आलेला मोठा भाऊ शेजारी नुसता उकिडवा बसून पाहत असे. मी पुस्तके वाचली, नोकरी धरली. घराची शेती त्याने धरली. बाजाराच्या दिवशी मित्रांबरोबर कधीमधी घेतो, असे सुरुवातीला कानावर आले. मग 'कधीमधी' गेले आणि बाजाराचा दिवसही गेला.

"लग्न झालं की सुधारेल," असे घरात ठरले. ते कुणी ठरवले म्हणून विचाराल तर सगळ्यांनीच. मीही त्यात होतो. 1989 च्या वैशाखात लग्न झाले. आमच्या भागात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की बारा वर्षांच्या नारायणाने शेजारच्या आसनगावच्या मांडवात भटजींच्या तोंडचा 'सावधान' ऐकला आणि तो बोहल्यावरून निसटला. तो पुढे समर्थ झाला. धाकट्याच्या लग्नात तोच शब्द मी अंतरपाटाजवळ उभा राहून ऐकला. नवरदेवाच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. सकाळीच चार वेलदोडे त्याच्या मुठीत मीच कोंबले होते. अंतरपाटापलीकडे एकोणीस वर्षांची मुलगी खाली मान घालून उभी होती. तिला सावध करायला हवे होते, आणि ते करू शकणारा माणूस अक्षता टाकत होता.

पुढे काही वर्षे मी जालन्यात बँकेच्या एका शाखेत होतो. तो पैसे काढायला यायचा. एकदा काउंटरवरच्या कारकुनाने स्लिप माझ्याकडे आणली. सही नमुन्याशी जुळत नव्हती. वाकडी, थरथरती, नावातले शेवटचे अक्षर रेषेखाली घसरलेले. खातेदाराची सही बदलली की चौकशी करावी, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. त्या दिवशी मी, "माझा भाऊच आहे," म्हटले आणि स्लिपवर आद्याक्षरे केली. रक्कम दोनशे रुपये.

एकदा आम्ही त्याला तीन दिवस माळवदाच्या खोलीत कोंडले. दुसऱ्या रात्री त्याच्या हातापायांना कंप सुटला, भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो ओरडू लागला, पहाटे झटका आला. वडील म्हणाले, सोंग करतोय. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर असे भास आणि झटके येतात, त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने दारूचे व्यसन हा आजार आहे असे 1956 मध्येच म्हटले होते. आमच्या घरात तो 1996 मध्येही नाठाळपणाच होता.

आणि पत्ता तर माझ्याकडे होता! पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 च्या ऑगस्टमध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हाच तो मी उतरवून घेतला होता. बँकेकडून दर जानेवारीत नवी डायरी मिळे. दर जानेवारीत मी तो पत्ता नव्या डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून काढी. पुण्यात आमचे नातेवाईक बरेच, कुणी पाहिले तर काय, हा विचार प्रत्येक वेळी आडवा आला. मद्यपींनी एकमेकांना सावरण्याचा संघ बिल विल्सनने एका डॉक्टरसोबत 1935 मध्ये सुरू केला. त्याच बिलची बायको लोइस हिने 1951 मध्ये अशा घरांतल्या माणसांसाठी वेगळा संघ उभारायला हातभार लावला. घरची माणसेही आजारी पडतात, हे तिने स्वतःच्या घरात पाहिले होते. मी ते निवृत्तीनंतर वाचले.

धाकटा 2003 मध्ये गेला. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी. वयाची चाळिशी नुकती उलटली होती. गावात काविळीचे सांगितले. वर्तमानपत्रातला चौकोन मीच लिहून दिला: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. कादंबरीतले एकेक वाक्य चारदा खोडणारा मी, तो मजकूर एकटाकी लिहिला.

त्याने बांधलेल्या मोसंबीतली बरीच झाडे 2012-13 च्या दुष्काळात वाळली. विहिरीकडेची चार तगली. टाक पुन्हा घडवू, असे मी कितीदा म्हटले. भावजय नको म्हणते. दर दसऱ्याला ती सुपाऱ्या बदलते.

हा लेख लिहू का, असे मागच्या महिन्यात तिला विचारले. ती चार वाल निवडेपर्यंत गप्प राहिली.

"लिहा. नाव घालू नका, नात पेपर वाचते आता," ती म्हणाली. "पण अल्पसा म्हणू नका, दादा. चौदा वर्षं होता तो माझ्या घरात."