कथा असलेले डावपेचांचे खेळ : मुलं त्यात एवढी का रमतात?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मुलगा स्क्रीनसमोरून उठत नाही, जेवायला दहा हाका माराव्या लागतात. तक्रार खोटी नाही. पण सगळे व्हिडिओ गेम एकाच जातीचे नसतात. गोळ्या झाडत धावायचे खेळ वेगळे, मोबाइलवर लकी ड्रॉसारखे पैसे ओढणारे खेळ वेगळे, आणि आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते वेगळे. इंग्रजीत यांना टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण सोयीसाठी कथा असलेले डावपेचांचे खेळ म्हणू.

यात बोटांच्या वेगाला काहीच किंमत नाही. बुद्धिबळासारखा चौकोनांचा पट असतो, त्यावर आपली आठ-दहा माणसं आणि समोर शत्रूची. आधी आपली पाळी, मग त्यांची. हवा तेवढा वेळ विचार करा, मधेच उठून चहा टाकून या, पट तसाच थांबलेला असतो. आणि दोन लढायांच्या मधे लांबलचक गोष्ट चालते: राजघराणी, भाऊबंदकी, तह, फितुरी. चाळीस-पन्नास तास चालणारी. (म्हणजे एखादी मालिका पाहावी तशी, फक्त इथे पुढच्या भागात काय होणार याला थोडेफार आपणही जबाबदार असतो.)

या प्रकाराला वळण लावणारा खेळ जपानमध्ये १९९० साली निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, त्याचं नाव फायर एम्ब्लेम. त्याआधीच्या युद्धाच्या खेळांत सैन्य असायचं ते बिननावाचं. दहा घोडेस्वार गेले, दहा नवे आणले. फायर एम्ब्लेमने प्रत्येक सोंगटीला नाव, चेहरा आणि स्वभाव दिला, आणि एक कडक नियम ठेवला: लढाईत मेलेलं माणूस परत येत नाही. पुढच्या गोष्टीत त्याची जागा रिकामीच राहते.

आमच्या मते सगळी गंमत या एका नियमात आहे. बुद्धिबळात प्यादं दिलं तर आपण त्याला चाल म्हणतो, आणि चांगली चाल असेल तर शाबासकीही देतो. इथे तेच प्यादं म्हणजे मागच्या मुक्कामी घरच्या आठवणी सांगत बसलेला पोरगा असतो. पूल अडवायला कुणाला तरी उभं करायचं आहे, आणि जो उभा राहील तो बहुधा वाचणार नाही. गणित एक सांगतं, मन दुसरं. मुलगा पंधरा मिनिटं नुसता पटाकडे बघत बसलेला दिसतो, तेव्हा तो बहुतेक याच पेचात असतो.

अर्थात मुलंही हुशार असतात. आवडता माणूस मेला की ती यंत्र बंद करून लढाई पहिल्यापासून खेळतात. ही फसवणूक का, यावर खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षं वाद आहेत. २०१० पासून फायर एम्ब्लेममध्ये एक सोपा पर्याय मिळतो, त्यात पडलेली माणसं पुढच्या लढाईला पुन्हा उभी राहतात. नवख्याने तोच घ्यावा, उगाच मर्दुमकी दाखवू नये. पण पहिल्यांदा खेळून झालं की कडक नियमाने एकदा जरूर खेळावं. तोच पूल तेव्हा वेगळा दिसतो.

डावपेचांचा भाग तसा लवकर कळतो. उंचावरच्या तिरंदाजाला फायदा, झाडीत उभं राहिलं तर वार चुकण्याची शक्यता जास्त, तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. हे पाठ व्हायला दोन संध्याकाळ पुरतात. अवघड असतं ते कथा आणि लढाई एकमेकांत गुंफणं. चांगल्या कीर्तनात पूर्वरंगात मांडलेला विचार उत्तररंगातल्या आख्यानात उतरावा लागतो, नाहीतर बुवा दोन वेगळे कार्यक्रम करताहेत असं वाटतं. या खेळांचंही तसंच आहे. आधी अर्धा तास रडारड आणि मग तिच्याशी संबंध नसलेली मारामारी असे खेळ बाजारात पुष्कळ आहेत. मुलं त्यातले संवाद बटण दाबून पळवतात, आणि आम्हाला त्यात त्यांची चूक वाटत नाही.

गुंफण जमलेला एक खेळ म्हणजे २०२२ मध्ये आलेला ट्रँगल स्ट्रॅटेजी. तीन राज्यांचं वैर आहे ते मीठ आणि लोखंड यांवरून. एकाकडे मिठाची मक्तेदारी, दुसऱ्याकडे खाणी. तापीकाठच्या व्यापारी शहरात वाढलेल्या मुलाला हे कारण लगेच पटतं. नायक एका सरदार घराण्याचा तरुण वारस आहे. आश्रयाला आलेला राजपुत्र शत्रूच्या हवाली करायचा की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो, आणि निर्णय तो एकटा घेऊ शकत नाही. सोबती मत देतात, तराजूच्या पारड्यात नाणी पडतात. आधी गावात फिरून, लोकांशी बोलून माहिती गोळा केली असेल तर सोबत्यांना पटवता येतं. आळस केला असेल तर आपलंच मत हरतं.

राजपुत्राला वाचवायचं ठरवलं की शत्रू दारात येतो. आता नायकाच्या गावातच लढाई, आणि गावात आगीचे सापळे लावून ठेवलेले. ते पेटवले की लढाई सोपी होते, पण जळतात ती आपल्याच रयतेची घरं. न पेटवता लढणं फार जड जातं. इथे डावपेच आणि कथा वेगळे काढताच येत नाहीत. असा एक प्रसंग चांगला जमला की दहा लांबलचक भाषणांची गरज उरत नाही.

याहून कठोर प्रसंग १९९५ च्या टॅक्टिक्स ओग्रेमध्ये आहे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तरुणाला त्याच्याच बाजूचे वरिष्ठ हुकूम देतात: आपल्याच लोकांचं एक गाव कापून काढा आणि आळ शत्रूवर घाला, म्हणजे लोक पेटून उठतील. होय किंवा नाही म्हणायचं असतं खेळणाऱ्याने. दोन्ही उत्तरांनी पुढची कथा वेगळ्या वाटेने जाते, आणि दोन्ही वाटांवर पश्चात्तापाची कारणं सापडतात. त्याचे दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनीच पुढे १९९७ मध्ये फायनल फँटसी टॅक्टिक्स केला. त्यात सारी कथा एक इतिहासकार सांगतो. लोक ज्याला वीर मानतात तो खरा कोण, आणि ज्याचं नाव इतिहासातून पुसलं गेलं त्याने काय केलं, हे तो जुन्या कागदांतून उलगडतो.

आता आपल्या शहराकडे येऊ, कारण या खेळांचं मर्म सुरतेत राहणाऱ्या मराठी घराला इतरांपेक्षा लवकर कळेल असं आम्हाला वाटतं. जानेवारी १६६४ ची गोष्ट आपल्या मुलांना दोनदा ऐकायला मिळते. घरी आजोबा सांगतात ती महाराजांच्या पराक्रमाची. शाळेत किंवा शेजारी ऐकू येते ती शहर लुटलं गेल्याची. एकाच चार दिवसांच्या या दोन गोष्टी घेऊन मूल मोठं होतं, आणि कुणाला काय उत्तर द्यावं हे त्याला कळत नाही.

हाच प्रसंग पटावर मांडून पाहा. शहराला भक्कम तट नाही, पण तापीकाठी तोफांचा किल्ला आहे. महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर. मुघल फौज येण्याआधी निघायचं आहे, म्हणजे पाळ्या मोजक्या. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आहे. इंग्रज आणि डच आपापल्या वखारींत बंदुका घेऊन तयार आहेत. मोठ्या तोफा सोबत नसताना किल्ल्यावर वेळ घालवायचा का? एका वखारीसाठी किती माणसं खर्ची घालायची? महाराजांनी किल्ला आणि वखारी सोडून दिल्या आणि विरजी व्होरासारख्या धनाढ्यांच्या हवेल्यांकडे मोर्चा वळवला. हा निर्णय कसा झाला असेल ते पट समोर असला की भाषणाशिवाय समजतं.

मग बाजू बदला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन व्हा. किंवा एखादा साधा दुकानदार व्हा, ज्याच्या मदतीला ना सुभेदार येतो ना बादशहा. इनायतखानाने तहाच्या बोलणीसाठी पाठवलेल्या माणसाने महाराजांवरच कट्यार उगारली, अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, आणि महाराज गेले अशा समजुतीने तळावर कैद्यांची कत्तल करा असा ओरडा झाला. महाराजांनी ती थांबवली. तरीही काही कैद्यांना जीव आणि हात गमवावे लागले, असंही त्याच इंग्रजी नोंदींतून येतं. कापुचिन पाद्र्यांचा मठ आणि एका दानशूर दिवंगत दलालाचं घर यांना धक्का लावला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. कुठला कथाकार एवढे प्रसंग एका पटावर हातचे सोडेल!

असा खेळ अजून कुणी केल्याचं आमच्या पाहण्यात नाही. पण याच रचनेचा खेळ आहे: २०१९ चा फायर एम्ब्लेम थ्री हाऊसेस. तुम्ही एका मठातल्या विद्यालयात शिक्षक असता. तीन राज्यांतली मुलं तिथे शिकतात, त्यातला एक वर्ग तुम्ही निवडता. त्यांच्यासोबत जेवता, त्यांना शिकवता. पुढे युद्ध पेटतं, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या वर्गातली ओळखीची मुलं समोरच्या फौजेत उभी असतात. दुसऱ्यांदा खेळताना वेगळा वर्ग घ्या, मग मागच्या वेळचा खलनायक तुमचा विद्यार्थी असतो आणि त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकावी लागते. युद्ध एकच, कथा चार. आमच्या पाहण्यातल्या मुलांनी सगळ्यात जास्त वाद घातले ते याच खेळावरून, आणि वाद गुणांवरून नव्हते, कोणाचं बरोबर यावरून होते.

आता थोडं व्यवहाराचं. फायर एम्ब्लेमचे मोठे खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावरच चालतात. ट्रँगल स्ट्रॅटेजी संगणकावरही मिळतो. फायनल फँटसी टॅक्टिक्सची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली, त्यात संवाद आवाजासह आहेत. जुनी आवृत्ती मोबाइलवरही आहे. एकदा पैसे भरले की खेळ पूर्ण आपला. मोबाइलवरचा फुकट मिळणारा फायर एम्ब्लेम हीरोज मात्र वेगळ्या चालीचा आहे. त्यात नवे वीर सोडतीने मिळतात आणि सोडतीसाठी पैसे लागू शकतात, म्हणून तो देताना फोनमधली पैसे भरण्याची सोय बंद ठेवा. २०२३ चा बाल्डर्स गेट थ्री फार गाजला, खेळ उत्तमच आहे, पण तो मोठ्यांसाठी आहे. थ्री हाऊसेस तेरा वर्षांपुढच्या मुलांना चालेल.

मराठीत यातलं काही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये राजी नावाचा देखणा खेळ केला, पण तो धावण्या-लढण्याचा आहे, पाळीपाळीने खेळायचा नाही. सगळे संवाद इंग्रजीत असल्याने लहान मुलांना शेजारी कुणीतरी वाचून दाखवणारं लागतं. आजी-आजोबांना कथा मराठीत सांगायचं काम नातवंडांवर सोपवलं तर दोघांचंही जमतं. पटावर काय चाललंय ते त्यांना बुद्धिबळ येत असेल तर लगेच समजतं, आणि कुणाला पुढे पाठवू नये हेही ती ठणकावून सांगतात.

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन चौक बाजारचा किल्ला पाहून या. तिथून कतारगामला गेलात तर इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची घुमटवाली कबर आहे. १६६४ च्या पटावरचे दोन कोपरे एका सकाळीत पाहून होतात.