क्रियापद येण्याआधीच

‘बाईंनी मुलाला...’ एवढंच ऐकलंत. पुढे काय येईल? बक्षीस दिलं? उठवलं? शोधलं? मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ऐकणारा तोवर शब्द नुसते गोळा करत बसतो, असं वाटणं साहजिक आहे. पण मेंदूला तेवढा धीर नसतो.

हे डोळ्यांनी पकडून दिलं. १९९९ साली गेरी ऑल्टमन आणि युकी कामिडे यांनी इंग्रजी श्रोत्यांना एक चित्र दाखवलं : मुलगा, केक, काही खेळणी. ‘मुलगा खाणार’ एवढं कानावर पडताच नजरा केककडे वळू लागल्या. ‘केक’ हा शब्द अजून यायचा होता. ‘हलवणार’ म्हटलं की तसं होत नव्हतं.

इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, तेव्हा अंदाजाला त्याचा आधार मिळतो. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा म्हणजे जपानी. तिथला प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. कामिडे, ऑल्टमन आणि सारा हेवूड यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. चित्रात वेट्रेस, गिऱ्हाईक आणि बर्गर. गिऱ्हाइकाला ‘नि’ हा प्रत्यय लागला की त्याला काहीतरी दिलं जाणार. ‘ओ’ लागला की त्याच्याच बाबतीत काही घडणार, उदाहरणार्थ त्याची थट्टा. ‘नि’ ऐकलेल्यांची नजर बर्गरकडे अधिक गेली, बर्गरचं नाव आणि क्रियापद दोन्ही येण्याआधी.

मराठीत या दोन्ही कामांना एकटा ‘ला’ पुरतो, म्हणून ‘मुलाला’पाशी वाट फुटते. पण ‘बाईंनी’ने आधीच बरंच सांगितलेलं असतं. ‘बाई मुलाला’ असतं तर पुढे ‘देतात’ किंवा ‘देतील’ चाललं असतं. ‘बाईंनी’ म्हटल्यावर ‘दिलं’, फार तर ‘द्यावं’. शाळेत घोकलेला विभक्तीचा तक्ता म्हणजे असे इशारेच आहेत. परीक्षेपुरता तो शिकवून आपण मुलांचं नुकसान करतो.

नकार मात्र आपल्याकडे बहुधा अगदी शेवटी येतो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’ यात ‘नाही’ येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात गोळी उपाशीपोटी घेऊन झालेली असते. मग ते चित्र पुसावं लागतं. दवाखान्याच्या गोंगाटात किंवा तुटक्या फोनवर तो शेवटचा शब्द हरवला, तर पुसायचंही राहून जातं. वयस्कर पेशंटला ‘ही गोळी जेवल्यावर घ्या’ असंच सांगावं.